शनिवारचा डबा

आक्काच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर एक किल्ली टांगलेली असे. ती किल्ली तिच्या घराची नव्हे. आपल्या घराला ती कधी कुलूप लावत नसे. न्यायला येणारा चोर माझी अवस्था बघून चार पैसे ठेवून जाईल, असं ती म्हणे. किल्ली होती पुलाजवळच्या चर्चच्या मागच्या हॉलची, आणि त्या हॉलमध्ये तीन चर्चची मिळून एक चूल पेटत असे.

गावात चर्च तीन. टेकडीवरचं दगडी, उंच मनोऱ्याचं, फादर आणि सिस्टर असलेलं, त्याला सगळे वरचं चर्च म्हणत. नदीकाठी पुलाला खेटून पाळकसाहेबांचं साधं, पांढऱ्या भिंतींचं चर्च होतं. आक्का लहानपणापासून तिथली. आणि गिरणीमागच्या गल्लीत एक लांबट हॉल होता. तिथले लोक शनिवार पाळत, म्हणून गाव त्यांना शनिवारवाले म्हणे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. एके काळी या तिघांचं एवढं वाकडं होतं की वरच्या चर्चची अंत्ययात्रा पुलावरून निघाली की पुलाजवळची माणसं खिडक्या लावून घेत. आता हे सांगितलं तर तरुण मुलं हसतात. त्या वेळी कुणी हसत नव्हतं.

मग गिरणी बंद पडली आणि त्याच हिवाळ्यात तापाची साथ आली. घराघरांत माणसं अंथरुणाला खिळली. तिन्ही चर्चनी आपापल्या माणसांपुरती चूल पेटवली आणि तिन्ही चुली पंधरवड्यात विझल्या. एकाकडे भांडी होती तर जागा नव्हती, दुसऱ्याकडे जागा होती तर भांडी नव्हती, आणि तिसऱ्याकडे नुसता उत्साह होता. एका सकाळी वरच्या चर्चची सिस्टर चिखल तुडवत आक्काच्या दारात येऊन उभी राहिली.

"आक्का, तुमच्याकडे हॉल आहे, आमच्याकडे पातेली आहेत. भांडण पुढे चालू ठेवू, आधी लोकांना जेवायला घालू."

आक्का गिरणीच्या कँटीनमध्ये जन्मभर रांधत आलेली बाई. तिने हात पुसले आणि किल्ली काढली.

ताप गेला, पण चूल राहिली. कारण एकटी म्हातारी माणसं, पायाने अधू झालेली, मुलं कामासाठी दूर गेलेली, ही काही तापाबरोबर गेली नाहीत. दिवस वाटून घेतले होते. सोमवार ते गुरुवार पुलाजवळच्या बायका रांधत. शुक्रवारी वरच्या चर्चच्या म्हाताऱ्यांना मांस चालत नाही आणि शनिवारवाल्यांच्या घरी ते शिजतच नाही, म्हणून शुक्रवार शनिवारवाल्यांचा. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांची विश्रांती सुरू, मग ते शेगडीला हात लावत नाहीत. तेव्हा शनिवार वरच्या चर्चचा. रविवारी सकाळी बाकी दोघांची उपासना, म्हणून रविवार पुन्हा शनिवारवाल्यांचा.

"आपण तिघं वेगवेगळे झालो ते बरंच झालं," शनिवारवाल्यांची शिंपीणबाई म्हणायची. "सगळे एकसारखे असतो तर रविवारी गाव उपाशी राहिलं असतं."

ही शिंपीणबाई म्हणजे मोठी तोंडाळ बाई. पण तिच्याइतक्या पायऱ्या गावात कुणी चढत नसे. आणि ज्या एका जिन्याकडे आक्काचा जीव लागलेला होता, त्या जिन्यावर रोज शिंपीणबाईच जात होती.

त्या जिन्याच्या वर आक्काचा थोरला भाऊ राहायचा. सगळं गाव त्याला काटेदादा म्हणे. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. खाली दुकान, वर खोली. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद झालं. आक्काशी तो वीस-बावीस वर्षं बोलत नव्हता.

कारण आईचं. आई मूळची वरच्या चर्चची. लग्न करून पुलाजवळच्या चर्चमध्ये आली आणि सगळा संसार तिथल्या बाकावर बसून केला, पण तिची जपमाळ पिठाच्या डब्यात असायची हे दोन्ही मुलांना ठाऊक होतं. शेवटी ती दादाच्या या वरच्या खोलीतच अंथरुणाला खिळून होती. अखेरच्या दिवशी ती दादाला म्हणाली, "फादरला बोलव." दादा धावत टेकडीवर गेला. आक्का डॉक्टरला आणायला गेली. इकडे त्या वेळचे पाळकसाहेब आईला भेटून जिना उतरत होते, आणि त्या वेळचे फादर दादाला मागे घेऊन जिना चढत होते. तो जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल.

"ही आमच्या मंडळीतली बाई आहे," वरून पाळकसाहेब म्हणाले.

"तिचा बाप्तिस्मा आमच्याकडे झालाय," खालून फादर म्हणाले.

कुणी पायरी सोडेना. आवाज चढले. रस्त्यावर माणसं जमली. आक्का डॉक्टरला घेऊन आली, तीही खालीच अडकली. शब्दाने शब्द वाढत गेला, आणि सगळं झाल्यावर डॉक्टर वर पोचला तेव्हा आई एकटीच गेलेली होती. उशाशी पाण्याचा पेला तसाच भरलेला.

दादाने त्यानंतर कुठल्याच चर्चमध्ये पाय ठेवला नाही. आक्काला म्हणाला, "ज्यांच्या भांडणात आई गेली, त्यांच्यात तू बसणार?"

आक्का म्हणाली, "दादा, माणसं चुकली. मी प्रार्थना करायला कुठे जाऊ?"

"मग या जिन्यावर पाय ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही. दोघंही एकाच आईची, हट्टाला कुणी कमी नव्हतं. पण अंगातली ताकद सरत चालली तशी आक्काला एकच गोष्ट डाचू लागली. आईजवळ बसायचं राहून गेलं. दादाच्या बाबतीत तसं होऊ नये. मरायच्या आधी, त्याच्या नाहीतर आपल्या, एकदा तो जिना चढून जावं आणि त्याच्यासमोर बसावं, एवढंच तिला हवं होतं.

तोवर डबा जात होता. शिंपीणबाई रोज तो घेऊन जायची, फक्त शनिवारी सिस्टर न्यायची. दादा आक्काचं नाव घेत नसे. "त्या बाई" म्हणे.

"काय म्हणाला आज?" रिकामा डबा घेताना आक्का विचारायची.

"म्हणाले, त्या बाईंना सांगा, बटाट्यांचा अगदी लगदा झालाय. मला अजून दात आहेत."

"दात आहेत! दोन. आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नाही."

"सांगू असं?"

"सांग. घाबरते की काय मी?"

दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं. दादा डबा आपल्या जुन्या काट्यावर ठेवून जोखायचा आणि कालच्यापेक्षा आज हलका आहे म्हणून निरोप धाडायचा. आक्का तणतणायची आणि एक पाव जास्त घालायची. डबा परत यायचा तो घासूनपुसून लख्ख. एकदा डब्याची कडी ढिली झाली होती, ती बारीक नवी खीळ ठोकून नीट होऊन आली. त्याबद्दल निरोप काही नव्हता. आक्का ती कडी वर-खाली करत कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिली. शिंपीणबाई दुसरीकडे बघत राहिली.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पहिल्यांदाच वरच्या चर्चने आणि पुलाजवळच्या चर्चने मिळून उपासना केली. नवे फादर आणि नवे पाळकसाहेब दोघंही तरुण, एकमेकांशी थट्टामस्करी करणारे. दोघांनी ठरवलं आणि पुलाजवळची मंडळी टेकडी चढून वरच्या चर्चमध्ये गेली. आक्का त्या दगडी खांबांमध्ये जन्मात पहिल्यांदा बसली. आई लहानपणी इथेच कुठेतरी बसत असेल, या विचाराने तिला धड गाता येईना. उपासना संपल्यावर कुणाचा पाय निघेना. ज्यांच्या आयांनी एकमेकींना बघून खिडक्या लावल्या होत्या, त्या बायका हात धरून रडत होत्या. रविवारी पहाटे नदीकाठच्या मैदानावर पुनरुत्थानाची उपासनाही मिळूनच करायची ठरलं.

"उद्या सकाळी सगळ्याजणी मैदानावर या," सिस्टर हर्षाने म्हणाली. "फुलं आहेत, बाकं मांडायची आहेत. एकाही जणीने घरी राहायचं नाही हं!"

आणि सगळ्याजणी गेल्या.

शनिवारी सकाळी निघताना आक्काने दारामागे बघितलं. किल्ली खिळ्यावर होती. एरवी वरच्या चर्चच्या बायका सात वाजताच ती घेऊन जात. आक्काच्या मनात आलं, काल सगळे एकत्रच होते, पाळकसाहेबांकडची दुसरी किल्ली घेतली असेल. वरच्या चर्चच्या बायकांना वाटलं, सिस्टरने सगळ्यांना मैदानावर बोलावलं त्याअर्थी आजचं पुलाजवळच्यांनी अंगावर घेतलंय. सिस्टरला वाटलं, दोन्हीकडच्या बायका एवढ्या मनाने एक झाल्यात, त्यांनी आपसात ठरवलंच असणार. कुणी कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी विचारणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं असतं. दिवसभर मैदानावर हसणं-खिदळणं, गाण्याच्या तालमी चालल्या होत्या आणि हॉलला कुलूप होतं.

रविवारी उजाडताना मैदानावर गाणी चालू असताना शिंपीणबाई नेहमीप्रमाणे आक्काच्या रिकाम्या घरातून किल्ली घेऊन हॉलवर गेली. दार उघडलं आणि जागीच थांबली. शुक्रवारी तिने स्वतः पातेली घासून पालथी घातली होती, ती तशीच, त्याच ओळीत होती. फडकंही तिने पिळून टाकलं होतं तसंच, वाळून कडक झालेलं. शेगडीला हात लावून बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितलं.

हाताला लागले ते पाव झोळीत कोंबून ती पळत सुटली. एका आजीबाईने दार उघडून तिलाच धीर दिला, "असू दे गं, मोठ्या सणाचा दिवस, दमल्या असतील पोरी. मी चहात पाव बुडवून खाल्ला." बाकीच्यांनीही काहीबाही भागवलं होतं. सगळ्यात शेवटी ती काटेदादाच्या जिन्याशी पोचली. तो वरून तिसऱ्या पायरीवर आडवा पडलेला होता, डोकं भिंतीला टेकलेलं. शनिवारी दुपारी डबा आला नाही म्हणून कोण येतंय का ते बघायला तो बाहेर आला, वाकला आणि पाय सुटला. तेव्हापासून तो तिथेच होता. खालचं दुकान बंद, हाक ऐकायला कुणी नाही.

शुद्धीत होता. शिंपीणबाईला बघून म्हणाला, "आज उशीर झाला."

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कमरेचं हाड मोडलंय, छातीत थंडी भरलीय, या वयात कापाकापी झेपायची नाही. आक्का रोज दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसे. आत जायची परवानगी दादा देत नव्हता. नर्स आत जाऊन विचारी आणि मान हलवत बाहेर येई. शिंपीणबाईला मात्र तो येऊ देत होता. ती मंगळवारी बाहेर आली ती डोळे पुसतच.

"काय म्हणाला?"

"नको आक्का."

"सांग. आजवर लपवलं नाहीस."

शिंपीणबाई शेजारी बसली. "म्हणाले, त्या बाईंना सांगा. हे भांडले तेव्हा आई गेली. यांनी गळ्यात गळे घातले तेव्हा माझी पाळी आली."

कँटीनमध्ये उकळतं पाणी पायावर सांडलं होतं तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती.

गुरुवारी हॉलमध्ये सगळे जमले. फादर, पाळकसाहेब, शनिवारवाल्यांचे वडीलधारे, सिस्टर आणि बायका. पातेल्यांवर झाकणं होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सिस्टर म्हणाली, चूक माझी. पाळकसाहेब म्हणाले, नाही, आमची. मग मंडळीतले एकजण घसा खाकरून म्हणाले, "आता असं करावं, प्रत्येकाने आपापली माणसं सांभाळावीत. म्हणजे जबाबदारी कुणाची ते तरी कळेल." दोन-चार माना हलल्या. फादर जमिनीकडे बघत होते. पाळकसाहेब म्हणाले, "निदान थोडे दिवस थांबवू."

आक्का उठली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. दादाने जे म्हटलं होतं ते तिने जसंच्या तसं सांगितलं, आणि खाली बसली.

फादरनी हळूच विचारलं, "आईचं काय, आक्का? काय झालं होतं?"

त्या दोघा तरुणांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्यांच्या आधीच्यांनी ते कशाला सांगून ठेवलं असेल? आक्काने जिना सांगितला. वरून कोण, खालून कोण, मध्ये किती पायऱ्या होत्या, आणि पाण्याचा पेला. ती थांबली तेव्हा शनिवारवाल्यांचे म्हातारे वडीलधारे म्हणाले, "मी होतो त्या दिवशी रस्त्यावर. आम्ही लोक बाजूला उभे राहून म्हणत होतो, भांडू देत त्यांना."

थांबवण्याबद्दल मग कुणी बोललं नाही. फादर आणि पाळकसाहेब तिथूनच दवाखान्यात गेले. दादाने दोघांना नीट निरखून बघितलं, दुकानात आलेला काटा बघावा तसं.

"आम्ही तुमच्यासाठी काय करू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"प्रार्थना सोडून काहीही. मला माझ्या खोलीत नेऊन टाका."

शुक्रवारी त्याला घरी आणलं. गाडी दुकानापर्यंत आली, पण जिन्यावरून खाट जाईना. शेवटी लाकडी खुर्चीत बसवून त्याला कापडी पट्ट्यांनी बांधलं. फादरनी खुर्चीचे पुढचे पाय धरले आणि उलटे चढू लागले. पाळकसाहेबांनी पाठ धरली आणि खालून रेटू लागले. दोघंही घामाघूम. निम्म्या जिन्यावर वळणाशी खुर्ची अडकली. दोघं थांबले. एक वर, एक खाली.

"जपून हां," मधून दादाचा आवाज आला. "ही जागा वाईट आहे. इथे तुमच्या लोकांना वाद सुचतात."

फादरना हसू आवरेना, आणि त्याच वेळी त्यांचे डोळे भरून आले. हात मोकळे नव्हते, त्यामुळे पुसायची सोय नव्हती. "मी एक पायरी मागे सरकतो," ते म्हणाले. "सरका, मी धरलंय," पाळकसाहेब म्हणाले. खुर्ची सुटली.

आक्का खाली रस्त्यावर उभी होती. पहिल्या पायरीला तिचा पाय लागला नव्हता. वरून दादाने विचारलं, "खाली कोण उभं आहे?"

"आक्का आहेत," पाळकसाहेब म्हणाले.

वर खुर्ची करकरली. मग दादा खोकत म्हणाला, "त्या बाईंना म्हणावं, शिंपीणबाईचे गुडघे गेलेत. डबा पोचवायचा तर स्वतः पोचवा."

शनिवारी सकाळी आक्का उठली ती थेट तिकडेच निघाली. रात्रभर डोळा लागला नव्हता. सिस्टरला तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की उद्या मी कुणाला दिसणार नाही, मी दादापाशी बसणार आहे. सिस्टर म्हणाली होती, बसा, आम्ही आहोत. आक्का भिंतीला हात लावत एकेक पायरी चढली. खोली तशीच होती. खिडकीखाली आईची खाट, त्यावर दादा. कोपऱ्यात मोठा काटा, त्याची पारडी घासून ठेवलेली. दादाचा चेहरा एवढासा झालेला. तिने बसायला स्टूल ओढलं.

"दादा."

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मुठीकडे. "हातात काय आहे?"

आक्काने मूठ उघडली. हॉलची किल्ली होती. निघताना खिळ्यावरून कधी काढली आणि हातात तशीच कशी राहिली, तिला कळलंच नाही.

"आज वार कोणता?" दादाने विचारलं.

आक्काने मूठ पुन्हा मिटली.

"शनिवार," तो स्वतःच म्हणाला. "किल्ली तुझ्याकडे. म्हणजे त्या बायका कुलपासमोर उभ्या."

"पाळकसाहेबांकडे दुसरी आहे. ते उघडतील."

"गेल्या शनिवारीही होतीच की दुसरी."

तोंडात मारल्यासारखं झालं. तरी ती उठली नाही. सगळ्या आयुष्याचा हट्ट तिच्या अंगात गोळा झाला. "दादा, आईजवळ मला बसता आलं नाही. मी खाली अडकले होते. आज तरी मला उठवू नकोस. मी गेले आणि मागे तुझं काही झालं तर?"

दादाला बोलताना धाप लागत होती, म्हणून तो एकेक शब्द वेगळा करून बोलला. "आई गेली तेव्हा सगळे तिच्यासाठीच आले होते, चिमे. कामाचं मात्र कुणीच करत नव्हतं. जा."

चिमी हे तिचं लहानपणचं नाव. ते घेणारं आता जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दारात पावलं वाजली. शिंपीणबाई गुडघ्यावर हात दाबत वर आली होती, धुवट कपडे घातलेली, हात रिकामे. तिने एकदा दोघांकडे बघितलं, एकदा किल्लीकडे, आणि तिला सगळं समजलं.

"तुम्ही जा, आक्का. आज माझ्या हाताला काही काम नाही. शनिवार आहे. शेगडी पेटवायची नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. आजारी माणसाजवळ बसायला मात्र कुणी मना केलेलं नाही." तिने स्टुलावर हात ठेवला. "उठा. माझी जागा आहे ती."

आक्का उठली. उतरताना तिने मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर उतरली नसती. हॉलसमोर वरच्या चर्चच्या बायका खरंच उभ्या होत्या. सिस्टर पाळकसाहेबांच्या घरी धावत जाऊन परत आली होती, ते दूर कुणा आजाऱ्याकडे गेलेले. आक्का धापा टाकत आली आणि तिने किल्ली सिस्टरच्या हातात दिली.

"ही आता खिळ्यावर राहणार नाही," ती म्हणाली. "ज्याचा दिवस संपला, त्याने दुसऱ्या दिवशीच्या माणसाच्या हातात द्यायची. हातातच. तोंड बघून."

शेगड्या पेटल्या. आक्काने वाटाणे चढवले, सिस्टरने बटाटे सोलले, बायकांनी पाव कापले. त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही, गप्पाही मारल्या नाहीत. "मीठ घातलं?" "घातलं." "पुलापलीकडचे डबे कोण नेणार?" "मी." "नक्की?" "नक्की." एवढंच बोलणं. आक्काचे हात सवयीने चालत होते आणि मन जिन्यावर. एकदा तिच्या हातून पळी पडली. सिस्टरने उचलली, धुतली आणि परत तिच्या हातात दिली. म्हणाली, "आक्का, तुम्ही पुढे व्हा, आम्ही करतो." आक्काने नकारार्थी मान हलवली. बटाटे बोटाने दाबून बघितले आणि लगदा व्हायच्या आतच उतरवले.

एकेक डबा दाराबाहेर जाईपर्यंत ती तिथेच थांबली. मग शेवटचा, नव्या खिळीच्या कडीचा डबा उचलून ती निघाली.

या खेपेला जिना चढताना तिला कुठे थांबावंसंच वाटेना, पण वळणाशी पाय आपोआप अडले. वरून काही आवाज येत नव्हता. तिने डबा छातीशी धरला आणि उरलेल्या पायऱ्या चढली.

शिंपीणबाई स्टुलावर बसून होती, दादाचा हात तिच्या हातात. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मग हळूच मान हलवली. आहेत.

दादाने डोळे न उघडताच हात पुढे केला. आक्काने डबा त्याच्या तळव्यावर ठेवला, खालून आपला हात लावून. थरथरत्या हाताने त्याने तो थोडा वर-खाली केला, जन्मभर करत आला होता तसा. तिने हात काढला नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"बटाटेही लगदा नाहीत," आक्का म्हणाली.

"बाकीचे गेले?"

"गेले."

"सगळे?"

"सगळे, दादा. शेवटचा तुझा."

शिंपीणबाई उठून खिडकीशी गेली. स्टूल रिकामं झालं. दादाने डोळे उघडून आक्काकडे बघितलं, मग स्टुलाकडे.

"मग बस आता," तो म्हणाला.

आक्का बसली.